एका घराचा टक्का

चांगी विमानतळावरच्या पहिल्याच पाटीसमोर मी असा काही थबकलो, की मागून बॅग ओढत येणाऱ्या एक बाई माझ्या पाठीवर आदळल्या. मी चार-पाचदा 'सॉरी' म्हणालो. त्या हसून पुढे गेल्या आणि मी पुन्हा पाटीकडे बघत उभा राहिलो. 'आगमन' एवढाच शब्द होता, पण चार भाषांत लिहिलेला: इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ.

मी सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. सिंगापूरची लोकसंख्या मी दरवर्षी फळ्यावर वर्तुळ काढून शिकवली आहे. शंभरात साधारण चौऱ्याहत्तर चिनी, तेरा मलय, नऊ भारतीय आणि उरलेले 'इतर'. मोठ्या तुकड्याला लाल खडू, मलय तुकड्याला हिरवा, भारतीयांच्या फाकेला निळा. 'इतर' नावाची फट इतकी बारीक यायची, की तिच्यात रंग भरायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. ते वर्तुळ आता चपला-बूट घालून, बॅगा ओढत माझ्या आजूबाजूने चाललं होतं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा देशाबाहेर पडलेल्या माणसाची छाती कशी धडधडते, ते मी काय सांगू!

माझी धाकटी बहीण शुभा, तिचा नवरा मिलिंद आणि मुलगी ईरा गेली बरीच वर्षं सिंगापुरात आहेत. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली, तेव्हा शुभाने तिकीटच पाठवलं. निघताना बॅगेत भडंग, मेतकूट आणि घरची हळद होती, आणि खिशात आईने दिलेलं एक काम. रिक्षात बसताना आई हळूच म्हणाली होती, "शुभाला एकदा समोर बसवून विचार, परत येणार आहेत की नाही. फोनवर ती हसण्यावारी नेते."

मिलिंद न्यायला आला होता. आम्ही एमआरटीने (तिथली शहरी रेल्वे) बुकित बातोकला निघालो. डब्यात मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी माणसं मोजायला लागलो. समोरच्या बाकावर पुस्तक वाचणारी चिनी मुलगी, तिच्याशेजारी डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या मलय आजी, दाराशी टेकलेले दोन तमिळ तरुण. वर्तुळ जमतंय का ते मी तपासत होतो.

"दादा, असं टक लावून बघू नका," मिलिंद कानाशी म्हणाला.

"अरे, प्रमाण जुळत नाहीये. भारतीय जास्त दिसतायत."

"हे दोघं बहुधा बांधकामावर कामाला आलेले आहेत. परमिटवर आलेली माणसं तुमच्या त्या शंभरात धरतच नाहीत. कितीतरी बांगलादेशी, फिलिपिनो, तमिळ मुलं इथं राबतात, ती वर्तुळाच्या बाहेर."

 इतकी वर्षं मी मुलांना वर्तुळ शिकवत होतो आणि त्याच्या बाहेर कोणी उभं आहे, हे मला माहीतच नव्हतं. दाराशी टेकलेल्या त्या दोघांतला एक उभ्या उभ्या झोपला होता. मी नजर खाली घातली.

बुकित बातोक ही शहराच्या पश्चिमेची सरकारी घरांची वसाहत. एकसारख्या उंच इमारती, प्रत्येकीवर भला मोठा आकडा. मधून हिरवी झाडं, आणि मागे एक टेकडी. प्रत्येक ब्लॉकचा तळमजला मोकळा असतो, नुसते खांब आणि फरशी. त्याला व्हॉइड डेक (इमारतीखालचं सार्वजनिक अंगण म्हणा) म्हणतात. मी पोहोचलो तेव्हा एका ब्लॉकखाली पांढऱ्या मांडवात कोणा चिनी आजोबांचं अंत्यविधीचं जागरण चाललं होतं आणि पलीकडच्या ब्लॉकखाली लहान मुलं सायकली फिरवत होती. कोणी कोणाला दटावत नव्हतं. मी तिथेच बॅग टेकवून बघत राहिलो, तेव्हा ईराने माझा हात ओढला.

"मामा, कम लाह! आई इज वेटिंग." (वाक्याला 'लाह' जोडणं ही तिथली बोलायची लकब.)

"मराठीत बोल की गं."

"आय अंडरस्टँड, मामा. फक्त बोलायला स्लो होतं."

ईरा नऊ वर्षांची. तिच्या शाळेत प्रत्येक मुलाला मातृभाषा हा विषय घ्यावा लागतो. भारतीय मुलांसाठी तमिळ, हिंदी आणि आणखी दोन-चार भाषा आहेत, त्यांत मराठी नाही. म्हणून आमच्या ईराची सरकारदरबारी मातृभाषा हिंदी. हे तिने मला इतक्या सहजपणे सांगितलं, की मला हसावं का रडावं कळेना.

रात्रीच्या जेवणात शुभाने भडंगावर ताव मारला आणि मग मोठी बातमी सांगितली. त्यांना घर घ्यायचं होतं. कुठलंही नाही, एकच. अंगणापलीकडच्या समोरच्या ब्लॉकमध्ये दहाव्या मजल्यावर टॅन आंटी राहतात. शुभा कामावरून येईपर्यंत ईरा लहानपणापासून त्यांच्याकडे असते. आंटी आता मुलाकडे राहायला जाणार आणि त्यांना आपलं घर ईराच्या आईबापांनाच विकायचं होतं.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

मिलिंदने ताटातला भात बोटाने सारखा केला. "दादा, ही सरकारी घरं. कुठलाही ब्लॉक एकाच समाजाचा होऊ नये, म्हणून प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, आणि भारतीय व इतर यांची मर्यादा ठरवलेली आहे. आंटी चिनी. त्यांच्या जागी आपण गेलो, तर ब्लॉकमध्ये भारतीयांचं एक घर वाढतं. आणि समोरच्या ब्लॉकमध्ये भारतीयांची मर्यादा भरलीय."

"पण आपण मराठी..."

"इथं तसं काही नाही. तमिळ, पंजाबी, सिंधी, आपण, सगळे एकाच रकान्यात."

"दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हिशेब नव्याने होतो," शुभा म्हणाली. "तीनदा बघितलं. तीनदा तेच उत्तर. आंटी तरी किती थांबणार? येत्या शनिवारी संध्याकाळी एजंट दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन येतोय, सह्या करायला."

"आणि आमचा घरमालक हे घर परत मागतोय," मिलिंद म्हणाला. "मी ठरवून टाकलंय. आंटींचं घर मिळालं तर इथं. नाहीतर पुण्याच्या ऑफिसात जागा आहे, ती घेतो. दिवाळी तिकडेच."

शुभा पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी चेहरा पडल्यासारखा केला. खरं सांगतो, आत मात्र दिवे लागले होते. दिवाळीला शुभा घरी! सांगलीहून पुणं किती लांब? आईची औषधं, तिचं रात्रीचं कण्हणं, दवाखान्याच्या फेऱ्या, हे सगळं मी आणि माझी बायको सुनीता करतो. तक्रार नाही, पण थकवा आहे. आईचं काम मी न विचारताच होत होतं. दोन देशांच्या लोकसंख्येचं गणित माझ्या बाजूने लागत होतं.

बुधवारी शुभा आणि मिलिंद कामावर, ईरा शाळेत. मी एकटाच खाली कोपीटिआममध्ये (एका छपराखाली निरनिराळ्या खानावळी आणि मधे सामायिक टेबलं) गेलो. काय तो गजबजाट! एका गाळ्यावर कढईत नूडल्स उडत होत्या, शेजारी मलय बाई केळीच्या पानात भात बांधत होत्या, त्यापलीकडे तमिळ माणूस चहा एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून ओतत होता आणि एक थेंब सांडत नव्हता. मी आइस कचांग घेतलं. म्हणजे बर्फाच्या किसाचा डोंगर, वर लाल-हिरवा पाक, पोटात गोड राजमा आणि मक्याचे दाणे! गोळ्यात राजमा घालायचं आपल्याकडे कोणाला सुचलं असतं?

एकच टेबल रिकामं होतं. त्यावर कागदी रुमालांची एक छोटी पुडी पडलेली. कोणी बिचारा विसरून गेला, असं समजून मी ती उचलली, इकडे तिकडे दाखवली, कोणी ओळख देईना, तेव्हा टेबलं पुसणाऱ्या बाईंच्या हाती दिली आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात बसलो.

दोनच घास झाले असतील. हातात डोशाचा ट्रे घेऊन एक उंच म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर उभे.

"हे माझं टेबल."

"माफ करा, इथं कोणी नव्हतं."

"माझा टिश्यू होता ना!"

आता सगळ्या टेबलांवरचे लोक आमच्याकडे बघत होते. एका चिनी मुलाने मला समजावलं, की टेबलावर टिश्यूची पुडी ठेवली म्हणजे जागा धरली. सगळं सिंगापूर हे पाळतं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी त्या गृहस्थांना हातवारे करून सांगितलं, की आमच्या गावी एस.टी. फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात.

ते एवढ्या मोठ्याने हसले की डोसा ट्रेवरून घसरला. "मग तुला तर आधी कळायला हवं होतं! सरक तिकडे."

त्यांचं नाव सेल्वम. त्यांचे आजोबा तंजावरकडून आलेले, ते स्वतः इथेच जन्मले, हार्बरफ्रंटच्या गोदीवर नोकरी करून निवृत्त झाले. इंग्रजी, तमिळ, मलय आणि बाजारापुरती चिनी, चारही भाषा त्यांच्या तोंडात. मी भूगोलाचा शिक्षक आहे म्हटल्यावर त्यांना चेव आला. कोणत्या गाळ्यावर कोण कुठल्या प्रांतातून आलं, ते बोटाने दाखवून सांगत सुटले. मीही वेड्यासारखा विचारत सुटलो. राजमा वितळलेल्या पाकात बुडाला तरी माझं लक्ष नव्हतं.

"राहता कुठे?" मी शेवटी विचारलं.

त्यांनी हात वर केला. टॅन आंटींच्या ब्लॉककडे. "राहत होतो म्हण. घर विकलं. एका मलय जोडप्याने घेतलं, नवीन लग्न झालंय. काल किल्ल्या दिल्या. खाली आणून ठेवलेल्या सामानाचा आज शेवटचा टेंपो. मुलीकडे चाललो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "ब्लॉकमधला एक भारतीय कमी. पहिल्या तारखेला एक जागा मोकळी दिसेल. कोणाचं तरी नशीब उघडेल."

माझा चमचा हातातच राहिला. त्यांना शुभा माहीत नव्हती, शुभाला ते माहीत नव्हते. दोन ब्लॉकच्या मधलं अंगण एवढंसं, पण माणसं हजार. ज्या जागेसाठी माझी बहीण तीन महिने वाट बघत होती, ती जागा माझ्यासमोर बसून डोसा खात होती. शाळेत ज्याला मी टक्का म्हणत आलो, तो म्हणजे एका म्हाताऱ्याचं रिकामं झालेलं घर आणि खाली उभा असलेला टेंपो.

संध्याकाळी शुभा आली, पर्स टाकली, विचारलं, "काय दादा, काय काय बघितलंस?"

मी टिश्यूची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. सेल्वम यांचं नाव सांगितलं, तंजावर सांगितलं, गोदी सांगितली. घर विकल्याचं सांगितलं नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हणालो. शनिवारपर्यंत गप्प बसलो तर सगळं आपोआप होणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ठाऊक असूनच मी गप्प बसलो.

गुरुवारीही बोललो नाही. क्वीन्सटाउनमधल्या जुन्या इमारती बघून आलो, फोटो दाखवले, खूप बोललो, तेवढं सोडून.

शुक्रवारी शुभाने रजा घेतली. ईराची शाळा सुटल्यावर आम्ही वॉटरलू स्ट्रीटला गेलो. असा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता! चिनी देवीचं मोठं देऊळ, लाल-सोनेरी, लोकांची झुंबड, उदबत्त्यांचा धूर. आणि त्याच्याच शेजारी, भिंतीला भिंत म्हणावी इतकं जवळ, आपलं कृष्णाचं देऊळ. देवीचं दर्शन घेऊन बाहेर पडलेली चिनी माणसं दोन पावलं टाकून थेट कृष्णासमोर येत होती. एका चिनी आजीबाईंनी तीन उदबत्त्या कपाळाशी धरल्या, डोळे मिटले आणि कृष्णाला वाकून, पुन्हा वाकून, पुन्हा वाकून नमस्कार केला. ईराने मला कोपराने ढोसलं.

"मामा, टॅन आंटी ऑल्सो कम्स हिअर. शी सेज, शेजारच्या देवाला हॅलो नाही म्हटलं तर रूड."

मी खळखळून हसलो. आनंदाने अंगावर काटा आला होता. हे सगळं सांगलीला जाऊन कोणाकोणाला सांगू, असं झालं होतं. शुभा हात जोडून उभी होती. ती काय मागत होती ते मला दिसत होतं. मीही हात जोडले आणि माझ्या लक्षात आलं, मला काही मागताच येईना. तिचं व्हावं म्हणून मागावं, तर ते देवाच्या नव्हे, माझ्याच हातात होतं. होऊ नये म्हणून मागावं, तर तेवढं तोंड नव्हतं. मी नुसता घंटेकडे बघत राहिलो.

"दादा, काय झालं?" शुभाने विचारलं.

"धूर गेला डोळ्यात," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी खालून भांड्यांचा आवाज आला. समोरच्या ब्लॉकमधल्या रोहाना मकचिक (मलय भाषेत मावशी) यांच्या मुलीचं रविवारी लग्न होतं, तिथेच व्हॉइड डेकवर. हल्ली सगळे केटरर बोलावतात, पण मकचिकनी हट्टाने रेवांग ठेवलं होतं. रेवांग म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून लग्नाचा स्वयंपाक करणं. हे ऐकल्यावर मी थांबतोय कसला! आमच्या लहानपणी गल्लीत लग्नाचे लाडू असेच वळले जायचे. शुभा, ईरा आणि मी खाली उतरलो. मी घाईत शुभाची सुरी बरोबर घेतली होती.

खांबाशी एका स्टुलावर टॅन आंटी बसल्या होत्या. बारीकशा, पांढरे केस कानामागे खोचलेले. माझ्या हातातली सुरी बघून त्या ओरडल्याच.

"नो नो नो! शुभा ब्रदर, घरची सुरी नाही आणायची. मकचिकला हलाल लागतं. माझ्या घरी डुक्कर शिजतं, तुझ्या घरी काय शिजतं कोणाला माहीत. इथलीच सुरी घ्यायची. जा, हात धू."

"आमच्या घरी वरण शिजतं," मी म्हणालो.

"वरण ऑल्सो कॅनॉट!" आंटी म्हणाल्या आणि पातेल्यांभोवतीच्या सगळ्या बायका हसल्या. मकचिकनी मला एक सुरी, एक घमेलं आणि लहान लाल कांद्यांचा ढीग दिला. आंटी मलयमध्ये त्यांना काही म्हणाल्या. शुभाने सांगितलं, "म्हणतायत, या ब्लॉकमधलं माझं हे शेवटचं रेवांग."

मी कांदे सोलायला लागलो. पंख्याखाली हळदीचा, गवती चहाचा, नारळाच्या दुधाचा वास भरून राहिला होता. मकचिकनी हळदीचा गोळा उचलला तेव्हा मी सांगून टाकलं, की मी हळदीच्या गावचा आहे. पुढच्या दोन मिनिटांत माझ्या बॅगेतली हळद ईरा वरून घेऊन आली आणि मकचिकनी ती हुंगून, मान डोलावून मोठ्या पातेल्यात घातली. मला वाटलं, उडी मारावी! सांगलीची हळद, मलय लग्न, चिनी बाई कांदे चिरतेय, नऊ वर्षांची मराठी पोर आम्हा तिघांच्या मधे दुभाष्याचं काम करतेय. यातलं काहीही माझ्या वर्तुळात नव्हतं. माझ्या वर्तुळात तुकड्यांच्या मधे रेघा होत्या.

शुभा माझ्या शेजारीच बसली होती. ती आंटींच्या हातांकडे बघत होती. आणि मला कळलं, ती हे सगळं सोडून जाण्याची तयारी करतेय. ती शहर सोडून चालली नव्हती. तिचं अंगण सुटत होतं.

"शुभे," मी सुरी खाली ठेवली. "आंटींना सांग, आज सही करू नका म्हणावं."

"का?"

"समोरच्या ब्लॉकमधलं भारतीयांचं एक घर गेलंय. ते सेल्वम. मलय जोडप्याने घेतलं. किल्ल्याही दिल्या. पहिल्या तारखेला जागा मोकळी दिसेल."

तिचा चेहरा उजळला आणि क्षणात बदलला. "हे तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"बुधवारी? दादा, आज शनिवार आहे. एजंट संध्याकाळी येतोय!"

"मला वाटलं... नाही मिळालं तर तुम्ही परत याल. आई वाट बघते. मी पण बघतो. आम्हा दोघांच्यानेच होत नाही गं आता."

 ज्या नजरेने ती बघत होती त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

आंटींनी मान वर केली. "शुभा, ब्रदर का रडतो?"

  ईराने आमच्या दोघांकडे एकदा बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ऑनियन, लाह."

त्यावर पहिल्यांदा शुभालाच हसू फुटलं. रागातलं, रडण्यातलं हसू. मग तिने पदराने डोळे पुसले नाहीत, कारण टी-शर्ट होता, तर बाहीने पुसले आणि आंटींना सगळं इंग्रजीत सांगितलं. माझं गप्प बसणं सोडून सगळं. तेवढं तिने झाकलं.

आंटींनी कांद्याच्या हातानेच फोन काढला आणि स्पीकरवर एजंटला लावला. "टुडे कॅनॉट," त्या म्हणाल्या. पलीकडून तो बराच वेळ काकुळतीला येऊन बोलत होता. "का म्हणजे? मी आज बिझी. लग्न आहे. माझ्या हाताला कांद्याचा वास येतोय, मी सही करत नाही. पहिल्या तारखेनंतर फोन कर." फोन बंद करून त्या मला म्हणाल्या, "तू का थांबलास? सोल, सोल! लंच टाइम होईल."

शुभा माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही. जेवणानंतर चहाचा कप माझ्यासमोर आदळून म्हणाली, "आईचं तुम्ही दोघं करता, ते मला दिसत नाही असं वाटतं का तुला? पण मला इथून हुसकून तुझं ओझं हलकं होणार नाही, दादा. मला नुसतं विचारायचंस. ईराच्या डिसेंबरच्या सुटीत मी महिनाभर येते, वहिनीला माहेरी पाठव. आणि आईला इकडे आणूया ना. तुला हे सुचलंच नाही?"

नव्हतं सुचलं. आईसाठी भांडायला निघालो होतो आणि आईला काय हवं ते विचारायचंही राहून गेलं होतं.

रविवारी व्हॉइड डेकवर कोम्पांग (हाताने वाजवायचे डफ) घुमले. नवरा-नवरी सिंहासनावर बसले, आणि जाताना प्रत्येक पाहुण्याला कागदी फूल लावलेलं उकडलेलं अंडं मिळालं. त्या पिवळ्या भातात माझी हळद होती, हे मी ओळखदेख नसलेल्या किती माणसांना सांगितलं असेल!

पहिल्या तारखेला सकाळी मिलिंद फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. शुभा ओट्याशी पाठ करून उभी. मी ईराचा डबा भरायचं नाटक करत होतो. मिलिंदने सरकारी संकेतस्थळावर माहिती भरली, थांबला, पुन्हा एकदा भरली.

"अहो, बोला ना काहीतरी!" शुभा मागे न वळता म्हणाली.

"मिळतंय," मिलिंद म्हणाला. मग ओरडलाच, "शुभा, मिळतंय!"

ईरा चपला न घालता लिफ्टकडे धावली. आम्ही खिडकीतून बघत होतो. थोड्या वेळाने समोरच्या दहाव्या मजल्याच्या कठड्यावर दोन डोकी दिसली, एक काळं, एक पांढरं. दोघी हात हलवत होत्या. मीही हलवला. खरं सांगतो, माझ्या आनंदात त्या क्षणी भेसळ नव्हती, आणि हे लिहिताना मला बरं वाटतं.

सांगलीला पोहोचलो तेव्हा आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी बॅग ठेवली, पाया पडलो.

"विचारलंस?" तिने मान वर न करता विचारलं.

"घर घेतायत, आई. तिकडेच राहणार." तिच्या बोटांनी तांदळात रेघ ओढली. मला राहवलं नाही. मी खाली बसून सगळं सांगितलं. सेल्वम, टिश्यू, मी गप्प बसलेले दिवस, कांदे. "मला ते व्हायला नको होतं," मी म्हणालो. "तुझ्यासाठी म्हणत होतो, पण माझ्यासाठीच."

आईने दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "शेजार कसा आहे?"

वर्गात हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मी खडू उचलला असता. मी म्हणालो, "डाव्या हाताला मलय कुटुंब आहे. त्यांच्या घरी परवाच लग्न झालं. उजवीकडे एक चिनी मास्तर आणि त्यांची बायको. खाली नवीन जोडपं आलंय. समोरच्या रांगेत एक पंजाबी. सगळ्यांची दारं दिवसा उघडी असतात."

"मग बरं आहे," आई म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं. "विनू, उद्या मला गणपतीच्या देवळात घेऊन चल."

"का? पेढे ठेवायचे?"

"ते ठेवूच. पण आधी मागितलेलं परत घ्यायचंय." ती माझ्याकडे न बघता पदराने हात पुसत राहिली. "तू गेलास त्या दिवसापासून मीपण रोज मागत होते, की त्यांचं तिथं जमू नये म्हणून."